दाजींची दीड सीसीची इंजिनं

माझे दाजी विमानाची इंजिनं बनवायचे. हे वाक्य मी एसटीत, लग्नाच्या मांडवात, बाजारात किती वेळा बोललो असेन. समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघायचा, मग माझ्या चपलांकडं. मग मी पिशवीतून इंजिन काढून त्याच्या तळहातावर ठेवायचो. एका मुठीत मावणारं, दीड सीसीचं. तीन फुटी पंखांचं, लाकडी काड्यांवर कागद ताणून केलेलं विमान ते उडवायचं. उडवणारा मैदानाच्या मधोमध उभा राहायचा, त्याच्या हातात दोन तारा, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरायचं. इंजिन मात्र खेळण्यातलं नव्हतं. मोटारसायकलच्या इंजिनात जे जे असतं ते बहुतेक सगळं त्यात होतं, फक्त करंगळीच्या मापाचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. मूळचे सोनईचे. घरची शेती थोरल्या भावाकडं राहिली आणि दाजी आयटीआय करून नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर म्हणून लागले. हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेव्हा कॉलेजच्या मुलांना मॉडेल विमानं उडवायला शिकवायचे. त्यांच्याकडचं एक परदेशी इंजिन झिजलं. नवं मिळायचं नाही. बाहेरून माल आणणं तेव्हा साध्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. कुणीतरी त्यांना दाजींकडं पाठवलं. दाजींनी जेवणाच्या सुट्टीत बसून तीन दिवसांत नवा पिस्टन केला. ते इंजिन सुरू झालं तेव्हा अंगावर तेलाचे शिंतोडे उडाले आणि दाजी ते पुसायचं विसरून तसेच उभे राहिले, असं आक्का सांगायची. पुढं दोन वर्षांनी दाजींनी नोकरी सोडली, घरामागं पत्र्याची शेड घातली, जुना लेथ आणला, आणि पिस्टनवर न थांबता अख्खं इंजिन करायला घेतलं.

विकायचं काम माझ्याकडं आलं. मी घोडेगावचा, चार एकरांत कांदा आणि ज्वारी करणारा. पण बोलायला मला लहानपणापासून आवडायचं आणि दाजींना चार माणसांत तोंड उघडायला नको वाटायचं. महिन्यातून दोनदा मी पुण्याला, औरंगाबादला, नाशिकला जायचो. मैदानावर बाकड्याला इंजिन आवळायचं, रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांचं मिश्रण टाकीत भरायचं, पंख्याला बोटानं झटका द्यायचा. दोन-तीन झटक्यांत ते किंचाळून उठायचं आणि आजूबाजूची सगळी माणसं गोळा व्हायची. परतताना माझ्या कपड्यांना ईथरचा वास असायचा. एसटीत शेजारचा विचारायचा, कोण आहे दवाखान्यात?

ती वर्षं चांगली होती. पोस्टानं पत्रं यायची, लोक दोन-दोन महिने थांबायचे. दाजी महिन्याला पाच-सहाच इंजिनं करायचे. पिस्टन आणि त्याभोवतीची नळी, म्हणजे लायनर, हे दोन्ही ते हातानं घासून एकमेकांत बसवायचे. कोरडा पिस्टन नळीत सरकवला की तो विनातक्रार वर जायचा आणि अगदी टोकाशी जाऊन अलगद अडायचा. तो अडला पाहिजे, पण रुतता कामा नये. ते बोटाला कळायचं, मापाच्या कुठल्या उपकरणाला नाही. आक्का प्रत्येक इंजिनावर नंबर ठोकायची आणि तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायची.

मग बाजारात चिनी इंजिनं आली. पुण्याच्या दुकानदारानं एक माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं, चकचकीत, रंगीत डब्यातलं, आमच्यापेक्षा स्वस्त. मी एक विकत घेऊन नगरला आणलं. मला वाटलं, दाजी त्याला नावं ठेवतील. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, इंजिन पूर्ण खोललं, भाग ओळीनं मांडले आणि बराच वेळ भिंगातून एकेक भाग बघत राहिले.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "आपन हातानं करतो ते ह्यांनी मशीनवर केलंय. पन चांगलं हाय."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे लेथवर उभे राहिले. मागणी निम्म्यावर आली, तरी जुनी गिऱ्हाइकं टिकून होती. त्यांना आमच्या इंजिनाचा आवाज ओळखीचा झाला होता. आपलं असंच हळूहळू चालेल, असं मला वाटत होतं.

ते तसं चालणार नाही हे मला पुण्याजवळच्या एका मैदानावर कळलं. क्लबचा वर्षाचा मेळावा होता. मी सहा इंजिनं घेऊन गेलो होतो. बाकडं लावून बसलो, तर पांढरा शर्ट घातलेला एक तरुण आला. त्यानं थर्माकोलसारख्या हलक्या फोमचं विमान काढलं, पोटात बॅटरी सरकवली, झाकण लावलं आणि हातानं हवेत सोडून दिलं. मिक्सरसारखा बारीक आवाज आला, बस. ना धूर, ना तेल, ना झटके. विमान उतरलं तेव्हाही त्याचा शर्ट पांढराच होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या बाकड्याजवळ कुणी उरलं नाही.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, बँकेतून निवृत्त झालेले. ते जाताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "तुमच्या इंजिनात काही दोष नाही हो. पण सोसायटीवाले आवाजाला ओरडतात, घरी तेलाच्या डागांवरून बोलणी बसतात. बॅटरी लावली की झालं. माझी सगळी इंजिनं मी कपाटात ठेवलीत." ते इतकं सावकाश आणि आपुलकीनं बोलले की मला रागही येईना.

सहाच्या सहा इंजिनं घेऊन मी नगरला उतरलो. शेडमध्ये गेलो तर दाजी हात पुसत उभे होते. त्यांनी विचारलं, किती गेली?

मी म्हणालो, "समदी."

हे मी का बोललो याचा विचार मी आजपर्यंत करतो आहे. त्यांची दया आली म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. मला मैदानावर जायचं होतं, पिशवी घेऊन एसटीत बसायचं होतं, इंजिनवाले पाव्हणे म्हणून ओळख हवी होती. इंजिन संपलं तर मी फक्त चार एकर कांदा होतो.

ती सहा इंजिनं मी घोडेगावला नेली आणि बियाणं ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. दाजींना द्यायचे पैसे माझ्या कांद्यातून गेले. पुढच्या महिन्यात चार इंजिनं आली, तीही पेटीत गेली. बायकोनं एकदाच विचारलं की हे किती दिवस चालवायचं. मी तिला म्हणालो, बाजार परत उठेल. मला तेव्हाच माहीत होतं की उठणार नाही. पुण्याच्या दुकानदारानं आमचं खोकं मागच्या फळीवर सरकवून तिथं बॅटऱ्या लावल्या होत्या.

असं तीन वर्षं चाललं. सगळ्यात अवघड गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. दाजी दर खेपेला विचारायचे, तक्रार काय आहे का? मी म्हणायचो, काही नाही, खूश आहेत. दोन-तीन वेळा ऐकून घेतलं आणि मग एकदा हातातलं काम थांबवून ते म्हणाले, "तक्रार न्हाई म्हंजी चालवतच न्हाईत. चालवनाऱ्याची तक्रार असतीच."

मी घाबरलो. आणि त्या घाबरण्यातून मी औरंगाबादचे एक मास्तर तयार केले. शाळेत विज्ञान शिकवतात, मुलांना घेऊन विमानं उडवतात, त्यांनी आपली चार इंजिनं घेतली आहेत आणि त्यांची तक्रार आहे की थंडीत सकाळी इंजिन लवकर धरत नाही. दाजींचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांनी लगेच विचारायला सुरुवात केली. किती झटके लागतात? दाबाचा वरचा स्क्रू किती फिरवतात? मास्तर ईथर ताजं वापरतात का? मी सुचेल ती उत्तरं देत गेलो.

त्या हिवाळ्यात दाजी रोज पहाटे अंगणात यायचे, चाचणीसाठी ठेवलेलं थंडगार इंजिन बाकड्याला आवळायचे आणि झटके मोजायचे. हवा आत घेणारं भोक त्यांनी चार वेळा बदललं. पिस्टनचा माथा बदलला. मास्तरांसाठी एक पत्रसुद्धा लिहिलं, दोन पानी, इंजिन कसं सुरू करावं ते आकृत्या काढून. ते पोचतं करायला माझ्याकडं दिलं. मी पुढच्या खेपेला सांगितलं, मास्तर म्हणाले आता लवकर धरतं, पण कधीकधी पंखा उलटा मारतो. मग दाजी त्याच्या मागं लागले. त्या काळात त्यांनी केलेली इंजिनं मी चालवून बघितली नाहीत, पण हातात घेतली की फरक मलाही कळायचा. पंखा लावून दोन बोटांनी फिरवला तर आत काहीतरी जिवंत असल्यासारखं दाबून परत उसळायचं.

त्याच सुमारास दाजींच्या जुन्या कारखान्याचे मॅनेजर शेडवर आले. नवी टूलरूम उभी राहत होती. नव्या पोरांना मशीनवर बटणं दाबता येतात पण मापाचा अंदाज नाही, त्यांना शिकवायला माणूस हवा होता. कायम नोकरी, फंड, दवाखान्याची सोय. योगायोगानं मी तिथं बसलो होतो. आक्का चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं हात केला. "आमचं पाव्हणं बसलेत, त्यांनाच इचारा. आमाला मालच पुरत न्हाई. आन एका मास्तरचं काम अर्धं हाय माझ्याकडं."

मॅनेजर माझ्याकडं वळले. त्यांना बाजाराची माहिती असावी, कारण त्यांनी मला स्पष्ट विचारलं की अजून खरंच मागणी आहे का. त्या क्षणी एक शब्द बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. आक्का माझ्याकडंच बघत होती.

मी म्हणालो, "व्हय, मागनी हाय."

मॅनेजर चहा पिऊन गेले. आक्का कप उचलून आत गेली. दाजी उठून लेथकडं गेले आणि मी एसटी पकडून घोडेगावला आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी गेलं.

पुढच्या वर्षी, एका शुक्रवारी, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास दाजी माझ्या दारात उभे राहिले. रस्ता गायी-म्हशींनी आणि टेम्पोंनी भरला होता. त्यांच्या खांद्याला पिशवी होती, पायजम्यावर धूळ बसली होती. नगरहून आले असतील असं मला वाटलं. पण ते औरंगाबादच्या गाडीतून उतरले होते.

पंखा उलटा मारायची खोड कशामुळं आहे ते त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि नवं इंजिन मास्तरांच्या हातात स्वतः द्यावं, त्यांच्यासमोर चालवून दाखवावं म्हणून ते कुणाला न सांगता पहाटेच निघाले होते. मी बोलता बोलता कधीतरी म्हणालो होतो की शाळा स्टेशनच्या मागं आहे. त्यांनी स्टेशनमागच्या शाळा पालथ्या घातल्या. मग दुसऱ्या भागातल्या. एका शाळेत शिपायानं त्यांना वेडा समजून बाहेर काढलं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की या शहरात असं कुणी असतं तर आम्हाला माहीत असतं.

हे सगळं त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी विचारलं, "मास्तर हाय का न्हाई, पाव्हणं?"

मी नाही म्हणालो. मग उठलो आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन पेटी उघडली.

एरंडेलाचा वास खोलीभर पसरला. दाजी खाली बसले. एकेक खोकं उघडून, तेलकट कागद सोडवून, ते नंबर बघत होते आणि पंखा लावायच्या दांड्याला बोटानं फिरवून दाब तपासत होते. एकही सोडलं नाही. बाहेरून म्हशींचं हंबरणं आणि दलालांचा गलका येत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. शेवटचं इंजिन हातात धरून ते म्हणाले, "एक बी चालवून बघितलं न्हाई तुमी?"

मी मान हलवली. त्यांनी इंजिन परत कागदात गुंडाळलं, तसंच, आक्का गुंडाळायची त्या पद्धतीनं, आणि पेटी बंद केली. बायकोनं ताट वाढलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. मी स्टँडपर्यंत मागं चालत गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभे होतो.

पुढच्याच आठवड्यात ते मॅनेजरकडं गेले. जागा कधीच भरली होती. मग ते कांदा निवडायच्या मशीनचे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या नळ्या, करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर लागले. तिथं मापाला कुणी फार विचारत नव्हतं. शेडला कुलूप लागलं. आक्काला त्यांनी काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक तुटलं, एवढंच सांगितलं. तीन महिन्यांनी मीच जाऊन तिला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं मला जायला सांगितलं, आणि त्या वर्षी भाऊबीजेला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी दाजींची माफी मागायला वर्कशॉपवर गेलो होतो. दुपारची सुट्टी होती. ते भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले होते. मी सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमी खोटं बोलला त्याचं मी कवाच सोडून दिलं," ते म्हणाले. "पन त्या मास्तरसाठी मी जसं काम केलं, तसं जन्मात कधी केलं नव्हतं. ते कुनासाठीच न्हवतं, हे मला काय सोसंना."

मी तिथून उठलो आणि गाडी पकडून घोडेगावला आलो.

दाजींना साठीच्या आतच पक्षाघात झाला. उजवा हात गेला. बोलणं राहिलं, पण जड. त्यांची मुलगी पुणतांब्याला दिलेली आहे. ती दोघांना तिकडं घेऊन गेली. मी अधूनमधून जायचो. आक्का चहा द्यायची आणि आत जायची.

एकदा गेलो तेव्हा जावयाच्या उसावर ड्रोननं फवारणी चालली होती. आम्ही दाजींची खुर्ची बांधावर नेऊन ठेवली. सहा पंख्यांचं ते यंत्र उसावरून सरळ रेषेत जात होतं आणि वळून परत येत होतं. ड्रोनवाला सभ्य होता. बॅटरी बदलायला तो थांबला तेव्हा त्याच्याकडची एक जळलेली सुटी मोटर त्यानं दाजींना बघायला दिली. दाजींनी ती डाव्या हातात घेतली आणि मला इशारा केला. मी कवच फिरवलं. ते कुठंही न अडता फिरत राहिलं.

"आत घासनारं काय हाय?" त्यांनी विचारलं.

बेअरिंगशिवाय काही नाही, असं ड्रोनवाल्यानं सांगितलं. तार आणि लोहचुंबक.

दाजींनी मोटर बराच वेळ मांडीवर ठेवली. "मग ह्याला मानूस लागत न्हाई," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. एखाद्या भागाचं माप सांगावं तसं ते बोलले. मग मोटर परत दिली आणि घरी न्यायला सांगितलं.

दोन वर्षांमागं ते गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी मला बंगळुरूहून एका माणसाचा फोन आला. आता या इंजिनांचा बाजार असा राहिला आहे. उडवणारे नाहीत, जमवणारे आहेत. त्याला कुठून तरी आमचा पत्ता लागला होता. देशात हातानं बनलेली जुनी इंजिनं त्याला कपाटात लावायला हवी होती. त्याला पहिली गोष्ट जाणून घ्यायची होती ती ही, की इंजिनं कधी चालवली आहेत का. मी नाही म्हणालो तर तो फार खूश झाला. एकदासुद्धा नाही ना, असं त्यानं परत विचारलं. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, घेऊन जाऊ दे, तुझ्या घरात तरी नकोत. तो गाडी घेऊन आला, हातमोजे घालून खोकी उचलली, आणि सगळी घेऊन गेला. त्याच्या कपाटाचा फोटो त्यानं मला मोबाईलवर पाठवला. मी तो आक्काला दाखवला नाही.

नगरची शेड विकली. लेथ भंगारवाल्यानं जागेवरच तोडला, कारण अख्खा दारातून निघेना.

गेल्या दिवाळीत आक्कानं मला भाऊबीजेला बोलावलं. मुलीनं मन वळवलं असावं. मी सकाळच्या गाडीनं पुणतांब्याला गेलो. पाट मांडला होता. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, ताटात करंजी वाढली आणि यंदा कांद्याला पाणी पुरलं का ते विचारलं. मी म्हणालो, पुरलं. जेवण होईपर्यंत आम्ही कांद्याबद्दल आणि तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो. दाजींचं नाव दोघांपैकी कुणीही काढलं नाही. निघताना ती दारापर्यंत आली, आणि मी चपला घालत असताना म्हणाली की गाडी साडेतीनची आहे, उशीर करू नको.